गावातलं उपकेंद्र 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं म्हणजे नेमकं काय बदललं? हिंगण्यावरून समजून घेऊया

समजा, हिंगणा तालुक्यातल्या एका गावात ५५ वर्षांच्या एक बाई आहेत. डोकं सारखं दुखतं म्हणून त्यांनी बीपी मोजलं, तर वरचा आकडा १७० निघाला. आता त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला, नागपूरला 'मेडिकल'ला जायचं. तिथे डॉक्टर चांगले आहेत, पण जाणं, केस पेपर, रांग, तपासणी आणि परत येणं यात पूर्ण दिवस जातो. शेतमजुरी करणाऱ्या बाईची त्या दिवसाची रोजी बुडते. दुसरा, चौकातल्या खासगी दवाखान्यात जायचं आणि तपासणी फी व गोळ्यांचे पैसे खिशातून भरायचे. तिसरा रस्ता म्हणजे गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या उपकेंद्रात जायचं. तिथे बीपी फुकट मोजलं जातं आणि गोळ्याही फुकट मिळायला हव्यात.

बीपीच्या गोळ्या तापाच्या गोळ्यांसारख्या पाच दिवसांत संपत नाहीत. त्या महिनोन्‌महिने, बहुतेकदा आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यामुळे पहिला आणि दुसरा रस्ता माणूस दोन-तीन महिने चालतो आणि मग सोडून देतो. तिसरा रस्ता सुरू राहावा यासाठी गेल्या काही वर्षांत देशभर एक मोठा बदल सुरू आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा जो नवा फलक दिसतो, तो त्याचाच भाग आहे.

हा बदल कागदावर काय आहे, प्रत्यक्षात तो कुठे अडतो आणि आपण त्यात काय मागू शकतो, ते पाहूया.

थोडक्यात सांगायचं तर

- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचं काम पूर्वी मुख्यतः बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन आणि साथीचे आजार इतकंच होतं. आता त्यात बीपी, शुगर, कर्करोगाची तपासणी, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी अशी कामं जोडली आहेत.
- त्यासाठी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे नवं पद आलं.
- इथे उपचार घ्यायला आयुष्मान कार्ड लागत नाही.
- हिंगण्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या तालुक्यात खरी अडचण लोकसंख्येच्या जुन्या हिशोबाची आहे.

आधी काय होतं?

गावाजवळ सरकारी दवाखाना हवा ही कल्पना स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमात ही केंद्रं उभी राहू लागली.

पुढे १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे जगभरच्या देशांची परिषद झाली. आरोग्याची सुरुवात मोठ्या रुग्णालयातून होत नाही, ती लोकांच्या घराजवळ होते, असं तिथल्या जाहीरनाम्यात मांडलं गेलं. यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात या कामाची दखल घेतली होती.

विदर्भातही असाच पाया घातला गेला. हिंगण्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९६९ मध्ये ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणारं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बाईकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेतली, तर बालमृत्यू बरेच कमी होतात हे दाखवलं. २०११ पासून आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमामागे या कामाचा मोठा आधार आहे.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा हे सूत्र आलं. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं आणि लसीकरणाचं प्रमाण त्यानंतर वाढलं. पण तोवर आजारांचं स्वरूपही बदललं होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या सुमारे २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के महिलांना बीपीचा त्रास आहे किंवा त्यासाठी औषध सुरू आहे. उपकेंद्राकडे मात्र या लोकांसाठी काही नव्हतं. बाळंतपण झालं, मुलाच्या लसी संपल्या की त्या घराचं उपकेंद्राशी नातंही संपायचं.

२०१८ मध्ये काय ठरलं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरच्या खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेवर व्हावा, असं म्हटलं गेलं. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं रूपांतर 'आरोग्य आणि वेलनेस सेंटर'मध्ये करण्याची घोषणा झाली. पहिल्या केंद्राचं उद्‌घाटन १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच केंद्रांचं नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' ठेवण्यात आलं.

म्हणजे नवा फलक हे नवं केंद्र नाही. जुनंच उपकेंद्र आहे, त्याच्या कामाची यादी वाढली आहे. ही यादी १२ सेवांची आहे:

1. गरोदरपण आणि बाळंतपणातली काळजी
2. नवजात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाची काळजी
3. मुलं आणि किशोरवयीनांचं आरोग्य
4. कुटुंब नियोजन आणि प्रजनन आरोग्य
5. टीबी, मलेरिया, डेंग्यू यांसारख्या संसर्गजन्य आजारांचं नियंत्रण
6. ताप, खोकला, जुलाब अशा साध्या आजारांवर उपचार
7. बीपी, शुगर आणि कर्करोग यांची तपासणी व पाठपुरावा
8. डोळे, कान, नाक, घसा यांच्या सामान्य तक्रारी
9. दात आणि तोंडाचं आरोग्य
10. वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी
11. तातडीच्या वेळी प्राथमिक उपचार
12. मानसिक आजारांची प्राथमिक तपासणी आणि मदत

यातल्या बहुतेक वरच्या सेवा आधीपासून होत्या. खरी भर पडली ती सातव्या क्रमांकापासून पुढे.

याला जोडून औषधं आणि तपासण्यांच्या याद्याही ठरल्या. केंद्राच्या निकषांनुसार उपकेंद्र पातळीच्या आरोग्य मंदिरात १०५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ औषधं असायला हवीत. तपासण्या उपकेंद्रात १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ प्रकारच्या. विदर्भात सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी याच केंद्रांच्या मदतीने करायची आहे.

तिथे कोण असतं?

आरोग्य सेविका (एएनएम) आणि आरोग्य सेवक ही मंडळी आधीपासून आहेत. नवं पद आहे सीएचओचं. महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टर किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले उमेदवार सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम करून या पदावर येतात. हे पद कंत्राटी आहे. पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा भाग किती काम झालं यावर मिळतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सीएचओ बीपी मोजतात, शुगर तपासतात, नोंद ठेवतात. पण बीपी किंवा शुगरचं निदान पक्कं करून औषध सुरू करणं हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम आहे. त्या डॉक्टरांनी एकदा औषध ठरवून दिलं, की पुढची दरमहाची औषधं उपकेंद्रात मिळायला हवीत. म्हणजे सुरुवातीला एकदा आरोग्य केंद्रात जायचं आणि नंतर दर महिन्याला गावातच. मध्ये काही शंका आली, तर सीएचओ ई-संजीवनीवरून व्हिडिओ कॉलने डॉक्टरांशी बोलू शकतात.

आयुष्मान कार्ड वेगळं, आरोग्य मंदिर वेगळं

दोन्हींच्या नावात 'आयुष्मान' असल्याने "माझ्याकडे कार्ड नाही, मग मला औषध मिळेल का?" असा प्रश्न हमखास येतो.

कार्ड हे विम्याचं आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्यासोबत चालते. हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार अशा मोठ्या खर्चासाठी ही योजना आहे. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या तिच्यातून मिळत नाहीत.

आरोग्य मंदिरात कार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्डाचा रंग असं काहीही लागत नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं मात्र नाहीत, कारण ती वेगळ्या खात्याकडे आहेत. त्यामुळे नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो'मध्ये काही शुल्क भरावं लागलं, तर नियम मोडला असं लगेच समजू नका.

हिंगण्याचा प्रश्न वेगळा का आहे?

नकाशावर पाहिलं तर हिंगण्याला आरोग्यसेवेची काही कमी दिसत नाही. डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालय आहे, वानाडोंगरीत शालिनीताई मेघे रुग्णालय आहे, दोन्हींशी वैद्यकीय महाविद्यालयं जोडलेली आहेत. मिहानमध्ये एम्स आहे. मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत येते. तालुक्याच्या आतल्या भागासाठी कान्होलीबारा, टाकळघाट अशी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत.

मग अडचण काय? एकाच तालुक्यात इथे दोन वेगळी जगं आहेत. एका बाजूला एमआयडीसीच्या भोवतीचा पट्टा: वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी. इथे कारखान्यातले कामगार, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं, बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेली माणसं. दुसऱ्या बाजूला वेणा नदीच्या खोऱ्यातली कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारी गावं. या दोन्हींसाठी आरोग्य यंत्रणेचा साचा मात्र एकच आहे, आणि तो लोकसंख्येवर चालतो.

तो साचा असा: सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. आता ही लोकसंख्या मोजायची कशी? देशातली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे.

जिथे दरवर्षी नव्या खोल्या, नवे लेआउट उभे राहतात, तिथे याचा अर्थ साधा हिशोब करून पाहा. २०११ मध्ये ५,००० लोक असलेल्या वस्तीत आज १०,००० लोक राहत असतील, तर एका आरोग्य सेविकेकडे आणि एका सीएचओकडे दुप्पट माणसं आली. औषधांची मागणी दुप्पट झाली. पुरवठा जुन्या आकड्यावर ठरला, तर महिना संपण्याआधी गोळ्या संपणार. त्यात कोणाचा कामचुकारपणा असायलाच हवा असं नाही.

दुसरा पेच शहर आणि खेड्याच्या मधला आहे. २०१३ मध्ये आलेलं राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान साधारणपणे ५०,००० पेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. त्याहून लहान शहरांची सोय ग्रामीण यंत्रणेनेच करायची असते. डिगडोह, निलडोह आणि वानाडोंगरी यांची नोंद २०११ च्याच जनगणनेत 'जनगणना शहर' म्हणून झाली होती. म्हणजे रूप शहराचं, पण कारभार तेव्हा ग्रामपंचायतीचा. अशा वस्त्यांमध्ये डासांचं, कचऱ्याचं, दाटीचं स्वरूप शहरी असतं आणि आरोग्य यंत्रणा खेड्यासाठी आखलेली. शहरात नागरी आरोग्य केंद्र, 'आपला दवाखाना' असे पर्याय असतात, खेड्यात उपकेंद्र असतं, आणि मधल्या पट्ट्यातल्या माणसाला आपण नेमके कोणाच्या यादीत आहोत हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. दिवसपाळीचा कामगार केंद्र उघडं असताना कारखान्यात असतो. गृहभेटीत घरी सापडतात ती मुख्यतः बायका, मुलं आणि वयस्कर माणसं. त्यामुळे ४० वर्षांच्या पुरुषाचं बीपी पहिल्यांदा मोजलं जातं ते बऱ्याचदा काही झाल्यावरच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा, आधार आहे. पण कंत्राटदाराने नोंदणी केली नसेल किंवा काम सुटलं असेल, तर तो आधारही जातो आणि उरतं ते उपकेंद्रच.

मग हे जमतं का? वर्धा आणि भंडाऱ्याचा अनुभव

याचं एक उत्तर नागपूरच्या दोन्ही बाजूंना मिळतं. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे घेतले होते. महाराष्ट्रातून सातारा आणि सिंधुदुर्गासोबत वर्धा आणि भंडारा हे दोन जिल्हे त्यात होते.

या उपक्रमात कोणतं नवं औषध किंवा महागडं यंत्र आणलं नाही. पाच साध्या गोष्टी एकत्र केल्या:

- एकच ठरलेली पद्धत. पहिलं औषध कोणतं, बीपी उतरलं नाही तर दुसरं कोणतं, हे आधीच लिहून ठेवलं. सुरुवात बहुतेक ठिकाणी अॅम्लोडिपिन या जुन्या, स्वस्त गोळीने होते.
- औषधांची हमी. मोजकीच औषधं, पण पुरेशी. रुग्णाला एका वेळी किमान ३० दिवसांच्या गोळ्या.
- कामाची वाटणी. बीपी मोजणं, नोंद, आठवण करून देणं हे नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे. डॉक्टरांकडे निर्णय.
- घराजवळ पाठपुरावा. औषध एकदा बसलं की पुढच्या गोळ्या जवळच्या केंद्रात.
- नोंद. प्रत्येक रुग्णाचं उपचार कार्ड, म्हणजे कोण आलं नाही ते महिन्याच्या शेवटी कळतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साध्या ओपीडीत किती लोक आले ते मोजतात. इथे कोण आलं नाही ते शोधतात. मग आशाताई त्या घरी जातात किंवा फोन करतात. या उपक्रमात नोंद झालेल्या रुग्णांपैकी सरासरी जवळपास निम्म्यांचं बीपी आटोक्यात आल्याचं दिसलं. मोठ्या रुग्णालयात नोंद झालेल्या रुग्णांपेक्षा छोट्या केंद्रातल्या रुग्णांचा पाठपुरावा जास्त चांगला टिकतो, हेही लक्षात आलं. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर १७ मे २०२३ ला केंद्र सरकारने २०२५ पर्यंत बीपी आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना ठरलेल्या पद्धतीचे उपचार देण्याचं लक्ष्य जाहीर केलं.

आता सुरुवातीच्या बाईंकडे परत येऊ. त्यांच्यासाठी हिंगण्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असणं चांगलंच आहे. झटका आला तर तिथेच जीव वाचेल. पण झटका येऊ नये यासाठी दरमहा ३० गोळ्या आणि "ताई, या महिन्यात आल्या नाहीत?" असं विचारणारं माणूस लागतं. ते काम मोठं रुग्णालय करू शकत नाही.

घोडं अडतं कुठे?

सुधारणा कागदावरून गावात येताना साधारण चार ठिकाणी अडकते.

माणसं. सीएचओ कंत्राटी असल्याने चांगली संधी मिळाली की सोडून जातात. सीएचओ बदलले की ओळख तुटते. आशाताईंवर एकामागून एक सर्वेक्षणं येतात आणि त्या कायम कर्मचारी नाहीत. मोबदला वाढावा म्हणून त्यांनी २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यभर आंदोलनं केली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या महिन्याच्या मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

औषधं. राज्यातली सरकारी औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती. पुरवठ्याला होणाऱ्या उशिराच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. बीपीच्या रुग्णाला दोनदा "गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकावं लागलं, की तिसऱ्यांदा तो येत नाही.

नोंदी. एकाच कर्मचाऱ्याला रजिस्टर आणि वेगवेगळे ॲप दोन्ही भरावे लागतात. नोंदीत वेळ गेला की रुग्णासाठी कमी उरतो. पण नोंद नसेल तर कोण आलं नाही हे कळणारही नाही.

वरून खाली परतीची चिठ्ठी. उपकेंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवलेला रुग्ण बरा होऊन घरी येतो, पण तिथे काय उपचार झाले, पुढे कोणती गोळी चालू ठेवायची, हे उपकेंद्राला कळतच नाही. हिंगण्यात खासगी, ट्रस्टची आणि सरकारी रुग्णालयं एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून इथे हा दुवा जास्त महत्त्वाचा आहे.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्याचे दोर वेगवेगळ्या हातांत आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे राज्याच्या आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. सीएचओ आणि आशा यांचा बराचसा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भरतं.

तक्रार करायची तर क्रम असा लक्षात ठेवा: आधी सीएचओ, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी.

गावाच्या हातातही एक साधन आहे, ते म्हणजे जन आरोग्य समिती. उपकेंद्र पातळीवर सरपंच तिचे अध्यक्ष, वैद्यकीय अधिकारी सहअध्यक्ष आणि सीएचओ सदस्य सचिव असतात. उपकेंद्राला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळू शकतो. नळ दुरुस्त करणं, रुग्णांसाठी बाक, बीपी यंत्राचे सेल, तातडीची किरकोळ खरेदी अशा गोष्टी त्यातून होतात.

लोकांनी विचारल्याने फरक पडतो, हेही महाराष्ट्रात दिसलं आहे. २००७ मध्ये राज्यातल्या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात विदर्भातला अमरावती जिल्हाही होता. गावकरी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे. औषधं बाहेरून आणायला लावणं, कर्मचारी मुक्कामी नसणं असे प्रश्न तिथे उघडपणे मांडले गेले.

तुम्ही काय करू शकता?

- तुमचं उपकेंद्र शोधा. भाड्याने राहत असाल, बाहेरगावहून आला असाल, तरी तुम्ही राहता त्या वस्तीच्या आशाताईंच्या यादीत तुमचं नाव असायला हवं. नसेल तर स्वतः सांगून नोंदवून घ्या.
- वय ३० च्या पुढे असेल तर तपासणी करून घ्या. बीपी, शुगर, तोंडाचा कर्करोग, आणि महिलांसाठी स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, यांची तपासणी मोफत आहे. त्रास होत नसला तरी करायची असते. खर्रा खाण्याची सवय असेल तर तोंडाची तपासणी टाळू नका.
- गोळ्या सुरू असतील तर ३० दिवसांच्या मागा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. खासगी डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध असेल, तर ती चिठ्ठी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून औषध बंद करू नका किंवा बदलू नका.
- मोठ्या रुग्णालयातून सुटी झाली तर डिस्चार्ज कार्ड उपकेंद्रात दाखवा. परतीची चिठ्ठी यंत्रणा पोचवत नसेल, तर तेवढं काम आपण करू शकतो.
- औषध नसेल तर तारीख लिहून ठेवा. कोणतं औषध, कोणत्या दिवशी नव्हतं, हे चार घरांनी लिहून जन आरोग्य समितीत किंवा ग्रामसभेत मांडलं, तर "औषधं कधीच नसतात" या वाक्यापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.
- हे नंबर जवळ ठेवा. तातडीच्या ॲम्ब्युलन्ससाठी १०८, गरोदर माता आणि नवजात बाळासाठी १०२, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४.

आरोग्य मंदिर किती उघडली, किती इमारती रंगवल्या, याचे आकडे सरकार देतच असतं. तुमच्या गावात हा बदल पोचला का, हे पाहायला एक सोपा प्रश्न पुरे आहे. तुमच्या वस्तीत बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या पाच जणांना विचारा: गेल्या तीन महिन्यांत तिन्ही वेळा गोळ्या जवळच्या केंद्रातून मिळाल्या का, आणि एखाद्या महिन्यात गेला नाहीत तर कोणी विचारायला आलं का? पाचपैकी चार जण 'हो' म्हणाले, तर सुधारणा तुमच्या दारापर्यंत आली आहे. नाही म्हणाले, तर पुढच्या ग्रामसभेत हाच प्रश्न विचारा.